कातळाला पडीक म्हणण्याआधी: पर्यावरणाच्या वादातल्या समजुती आणि मूल्यं कशी तपासायची

काही वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी गावाचा कच्चा नकाशा काढत बसलो होतो. घरं झाली, विहिरी झाल्या, आंब्याच्या बागा झाल्या. वरच्या सड्यापाशी, म्हणजे कातळाच्या पठारापाशी, आल्यावर मी सवयीने तिथे ‘पडीक’ असं लिहिलं. शेजारी बसलेल्या आजींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, “हे काय लिवलंस?” मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पडीक कसला? श्रावणात येऊन बघ.”

मी श्रावणात गेलो. सडा फुलांनी निळा-जांभळा झाला होता, गुरं चरत होती, कातळाच्या खळग्यांत पाणी साठलं होतं. तेच पाणी जांभ्यातून झिरपत खाली वाडीच्या झऱ्याला येतं, हे मला तेव्हा कळलं. मुद्दा फुलांचा नाही. माझ्या एका शब्दाने वादाचा अर्धा निकाल आधीच लावून टाकला होता, आणि तो लावलाय हे मला माहीतही नव्हतं.

हा लेख अशा वादांची मांडणी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यात पत्रकार असतील, समाजकार्याचे विद्यार्थी असतील, ग्रामपंचायत सदस्य असतील, किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडण वाचून वैतागलेले चाकरमानी असतील. उदाहरण मुख्यतः राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या रिफायनरीचं घेतो, कारण त्यात सगळ्या गाठी एकाच जागी सापडतात. जिथे बारसू पुरत नाही, तिथे मुंबईतलं आरे आणि सह्याद्री.

आधी प्रसंग थोडक्यात

राजापुरात नाणार परिसरात मोठी रिफायनरी येणार होती. सरकारी तेल कंपन्या, त्यांच्या जोडीला सौदी आणि अबुधाबीच्या कंपन्या, वर्षाला ६ कोटी टन क्षमता. विरोध इतका झाला की मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याने केंद्राला पत्र लिहून बारसूची सुमारे १३,००० एकर आणि तेल उतरवण्यासाठी किनाऱ्यावरच्या नाटे गावाची २,१४४ एकर जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रं सड्यावर आली, तेव्हा माणसं, विशेषतः बायका, उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. अश्रुधूर झाला, अटका झाल्या.

टीव्हीवर हे ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ म्हणून दिसलं. ही जोडी पहिल्या दिवशीच वहीतून खोडून टाका. तिच्यातून काहीही कळत नाही.

पायरी १: एकाच जागेची सगळी नावं लिहून काढा

कोऱ्या कागदावर वादातली जागा मधोमध लिहा आणि भोवती तिला कोण काय म्हणतं ते टिपा. बारसूच्या बाबतीत कागद असा भरेल. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनी मोजणाऱ्याच्या लेखी ‘उघडा खडकाळ भाग’. गावात ‘सडा’. वनस्पती अभ्यासणाऱ्याला ‘जांभ्याचं पठार’. पुरातत्त्ववाल्याला ‘कातळशिल्पाचं ठिकाण’: बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे, आणि कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यांत बारसू आहे. जमिनीच्या दलालाला ‘प्लॉट’.

यातलं कुठलंच नाव खोटं नाही. पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य आणि म्हणून आकारातून वगळलेलं क्षेत्र, बस. तो शेतसाऱ्याच्या हिशेबाचा शब्द. पण त्याच शब्दावरून कुणी ‘तिथे काही नाहीच’ असं म्हणायला लागला, की समजा वर्णनाच्या आडून एक मूल्य आत शिरलं. आरेतही हेच झालं. दुग्धवसाहत, जंगल, मोकळी जागा, पाडे: शब्द निवडला की बाजू ठरली. आरे कायद्याने ‘वन’ आहे की नाही यावर कोर्टात बरीच वर्षं गेली, आणि त्या पाड्यांमध्ये वाघोबाला पुजणाऱ्या लोकांना या प्रश्नाचाच अर्थ लागत नव्हता.

तुमच्या लेखात किंवा अहवालात कुठलं नाव वापरायचं ते शेवटी ठरवा. तोपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच नाव राहू द्या.

पायरी २: ‘स्थानिक’ हा शब्द फोडा

‘स्थानिकांचा विरोध आहे’ आणि ‘स्थानिकांचा पाठिंबा आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी एकाच गावाबद्दल छापून येऊ शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात. म्हणून माणसं वेगळी करा. कलमांची बाग असलेला, दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाणारा, खंडाने बाग घेणारा. कूळ आणि मूळ मालक. गुरं असलेलं घर आणि नसलेलं घर. साखरी नाट्याचा मच्छीमार, ज्याच्या समुद्राचा सातबाराच निघत नाही. त्याचं काय गेलं ते कुठल्याच भरपाईच्या तक्त्यात बसत नाही. मुंबईला राहून गणपतीत आणि शिमग्यात येणारा चाकरमानी. प्रकल्पाची कुणकुण लागल्यावर जमीन घेतलेला बाहेरचा. बारावी होऊन घरी बसलेला मुलगा. आणि त्याची बहीण, जिच्या मताची नोंद ‘घरच्यांचं तेच माझं’ अशी होते.

चाकरमान्याबद्दल दोन शब्द जास्त. कोकणातल्या कुठल्याही वादात तो सर्वांत मोठ्याने बोलतो आणि त्याच्यावर सर्वांत सोपा आरोप होतो: “तुम्ही परळला राहणार, आम्ही इथे बेकार मरायचं.” आरोपात तथ्य आहे. पण त्याच्या बाजूनेही बघा. त्याने चाळीस वर्षं दहा बाय दहाच्या खोलीत काढली ती ‘गावचं घर आहे’ या एका भरवशावर. त्याच्यासाठी गाव हे उत्पन्नाचं साधन नाही, परतण्याचं ठिकाण आहे. नोकरी हवी असलेल्या मुलासाठी मात्र तेच गाव बाहेर पडण्याचं ठिकाण आहे. दोघंही एकाच घरातले, काका-पुतणे असू शकतात. हा वाद रिफायनरीचा वाटतो, आहे मात्र ‘गाव कशासाठी’ याचा.

पायरी ३: वाक्यं तीन डब्यांत टाका

आता मुलाखती घ्या, ग्रामसभेत बसा, जमलेली वाक्यं सुटी करा आणि प्रत्येकाला विचारा: हे कुठल्या जातीचं वाक्य?

पहिला डबा वस्तुस्थितीच्या दाव्यांचा. “धुरामुळे हापूसचा मोहोर गळेल.” “कातळात बोअर मारले तर झरे आटतील.” “हजारो नोकऱ्या मिळतील.” हे खरं-खोटं करता येतं, निदान तत्त्वतः.

दुसरा डबा मूल्यांचा. “वाडवडलांची जमीन विकायची नसते.” “देशाला इंधन लागतं, कुणीतरी झळ सोसायलाच हवी.” “पोरांना घर सोडून जावं लागू नये.” यांना कुठलीही प्रयोगशाळा उत्तर देणार नाही.

तिसरा डबा विश्वासाचा. “कलेक्टर आज हो म्हणतील, उद्या बदली होऊन जातील.” “आंदोलनवाल्यांना बाहेरून पैसे येतात.” हा डबा लोक बहुतेकदा विसरतात. माझ्या मते कोकणात सर्वांत जड हाच आहे.

गंमत अशी की पहिल्या डब्यातलं वाक्य बऱ्याचदा दुसऱ्याचं सोंग असतं. माणूस मोहोर गळण्याबद्दल बोलतो, कारण मोहोराचं बोललं तर साहेब लिहून घेतात. ‘सड्यावर आमचा देव आहे’ म्हटलं की साहेब हसतात. कंपनीचा माणूसही तेच करतो. ‘पर्यावरणावर परिणाम नगण्य’ या वाक्यातला ‘नगण्य’ हा शब्द मोजमाप नाही. किती नुकसान चालवून घ्यायचं याचा तो निवाडा आहे, आकड्यांचे कपडे घातलेला.

पायरी ४: ‘समजा’ची चाचणी

सोंग ओळखायचं कसं? वस्तुस्थिती बदलून बघायची. या एका पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

विरोध करणाऱ्याला विचारा: समजा, प्रदूषण शून्य असेल याची पक्की खात्री पटली. मग? “मग हरकत नाही” असं उत्तर आलं तर त्याचा वाद खरोखर प्रदूषणाचा आहे आणि चांगल्या अभ्यासाने तो पुढे सरकू शकतो. “तरीही नको” आलं तर मोहोर हे निमित्त होतं, खाली आणखी काही आहे. पुढे जा. समजा, प्रकल्प इथे न येता शेजारच्या तालुक्यात गेला? इथे ‘आमच्याकडे नको’वाला आणि ‘कुठेच नको’वाला वेगळे होतात. मोर्चात ते खांद्याला खांदा लावून चालत असतात, एरवी त्यांचं पटत नाही. समजा, हाच निर्णय तुमच्या ग्रामसभेने गुप्त मतदानाने घेतला आणि तो होकाराचा आला? या प्रश्नावर जो गप्प होतो, त्याचं दुखणं प्रकल्पाचं कमी आणि ‘आम्हाला विचारलं नाही’ याचं जास्त असतं.

भावाचा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी, आणि चारचौघांत मुळीच नाही. ‘समजा दहापट भाव दिला?’ हे ऐकून कुणी आकडेमोड करायला लागतो, तर कुणी चिडून उठून जातो. चिडणं ही सुद्धा माहितीच आहे. ज्या गोष्टीची किंमत करणंच माणसाला अपमान वाटतो, तिथे भाव वाढवला की विरोध वाढतो. भूसंपादनातली कितीतरी बोलणी इथेच फिसकटतात. अधिकाऱ्याला वाटतं हे भाव ताणतायत, समोरच्याला वाटतं हा आपल्या आईचा भाव करतोय.

हेच प्रश्न दुसऱ्या बाजूलाही विचारायचे, नाहीतर तुमचं विश्लेषण एकतर्फी उलटतपासणी होईल. समर्थकाला विचारा: समजा, नोकऱ्या मिळाल्या पण गावच्या पोरांना फक्त सिक्युरिटी गार्डच्या? समजा, झरे आटणार हे तज्ज्ञांनीच लिहून दिलं? अधिकाऱ्याला विचारा: समजा, एवढ्याच फायद्याची जागा दुसरीकडे आहे, पण तिथे तुमच्या सासुरवाडीचं घर जातंय? आरेतल्या मेट्रोच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तुटायला लागली आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. मेट्रोवाल्यांना ‘समजा’ विचारला असता तर उत्तर सरळ होतं: मेट्रोने गाड्या कमी होतील, कार्बन कमी होईल, म्हणून आम्हीच खरे पर्यावरणवादी. त्यात खोटेपणा नाही. त्यांचा निसर्ग टनांत मोजता येतो, एका टनाच्या जागी दुसरा टन चालतो. आरेत मानवी साखळी करणाऱ्यांच्या निसर्गात हे विशिष्ट झाड असतं आणि त्याला बदली नसते. दोघांनाही ‘पर्यावरण’ हाच शब्द वापरायचा असल्याने भांडण आणखी विचित्र झालं.

पायरी ५: मूल्यांना नावं द्या, पण फार सुबक नकोत

निसर्गाच्या मूल्यांवर आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेने जुलै २०२२ मध्ये एक मोठा अहवाल दिला. त्यातली एक वाटणी मला कोकणात फार उपयोगी पडते. निसर्गापासून जगणं, म्हणजे आंबा, मासळी, भाडं, पगार. निसर्गात जगणं, म्हणजे हे आपलं गाव, हा आपला डोंगर. निसर्गाबरोबर जगणं, म्हणजे वाघ-बिबट्यालाही जागा आहे. निसर्ग म्हणून जगणं, म्हणजे डोंगर हाच पूर्वज किंवा देव.

शेवटच्या प्रकाराला आपण पटकन ‘श्रद्धा’ म्हणून बाजूला ठेवतो. ओडिशातल्या नियमगिरीत तसं झालं नाही. बॉक्साइटच्या खाणीला डोंगरिया कोंध आदिवासींचा विरोध होता, डोंगर हा त्यांचा देव, नियम राजा. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. देवाचा मुद्दा वनहक्क कायद्याच्या चौकटीत बसवता आला, म्हणून तो ऐकला गेला. बारसूच्या सड्याला अशी चौकट मिळाली नाही. कातळशिल्पाला निदान जगाच्या वारशाची भाषा मिळाली. गुरं चारण्याला ती नाही.

एकाच माणसात ही चारही मूल्यं एकत्र राहतात, हे विसरू नका. सकाळी मासळीचा भाव करणारा दुपारी समुद्राला नारळ देतो.

पायरी ६: तज्ज्ञांचीही समजूत तपासा

इथे बरेच अभ्यास घसरतात. गावकऱ्यांच्या ‘धारणा’ तपासतात, तज्ज्ञांचं मात्र ‘मत’ असतं आणि सरकारचं ‘धोरण’. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावा.

पश्चिम घाटाइतकं चांगलं उदाहरण नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. घाटाचं क्षेत्र त्यांनी सुमारे १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरलं, सगळाच घाट संवेदनशील मानला आणि त्याचे तीन स्तर केले. काय चालेल, काय नाही याचा आराखडा दिला, पण अखेरचा शब्द ग्रामसभांशी बोलून ठरावा असं म्हटलं. त्याच अहवालाचा फेरविचार करायला नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने एप्रिल २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात क्षेत्र धरलं सुमारे १,६४,२८० चौरस किलोमीटर, उपग्रहाच्या प्रतिमा घेऊन नैसर्गिक आणि सांस्कृतिक असे दोन भूभाग वेगळे केले आणि साधारण ३७ टक्केच संवेदनशील ठरवलं.

डोंगर तोच, शास्त्रज्ञ दोघंही मोठे. मग नकाशे वेगळे का? शेत, बाग आणि देवराई मिळून झालेला भूभाग निसर्ग मानायचा की माणसाचा, हा प्रश्न उपग्रह सोडवत नाही. तो आधी सोडवून मग उपग्रहाकडे जावं लागतं. गाडगीळांच्या लेखी माणूस डोंगरातलाच होता, म्हणून त्यालाच विचारायचं होतं. दुसऱ्या पद्धतीत माणूस जिथे दिसला तो भाग वगळला गेला. मला स्वतःला पहिली बाजू पटते, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझं वजन वजा करता येईल.

लोकांच्या बाजूनेही चित्र एकरंगी नव्हतं. सिंधुदुर्गातल्या काही गावांनी, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या, खाणींच्या भीतीने ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव केले, आणि त्याच काळात इतरत्र ‘घराची कौलं बदलायलाही परवानगी लागेल’ अशा अफवांवर मोर्चे निघत होते. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

पायरी ७: विश्वासाचा इतिहास तारखांनिशी लिहा

‘लोकांचा सरकारवर विश्वास नाही’ हे वाक्य वहीत नको. कधीपासून, कशामुळे, ते लिहा. साखरी नाट्यात एप्रिल २०११ मध्ये जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. पुढे रिफायनरीचं तेल उतरवायला सुचवलेली जागा त्याच नाट्याची. हा संदर्भ नसेल तर तिथला माणूस माती परीक्षणाच्या यंत्रालाही का घाबरतो, ते कळणार नाही. तुम्ही म्हणाल, नुसतं भोक पाडून बघतायत. तो म्हणतो, भोकापासूनच सुरुवात होते. घाटावर कोयनेच्या विस्थापितांची तिसरी पिढी अजून कागद घेऊन फिरते, हेही तो ऐकून आहे. लोटे परशुरामच्या कारखान्यांनंतर दाभोळच्या खाडीतल्या मासळीचं काय झालं, ते तर तो सोयऱ्यांकडून ऐकून आहे.

पुढाऱ्यांच्या भूमिकाही तारखांनिशीच लिहा. २०२२ च्या पत्रावर सही असलेले तेव्हाचे मुख्यमंत्री सत्ता गेल्यावर मे २०२३ मध्ये बारसूला लोकांना भेटायला गेले. खुर्ची बदलली की भूमिका बदलते, हे महाराष्ट्रात सांगायला नको. तुमच्या तक्त्यात पुढाऱ्याचा रकाना ‘हितसंबंध’ या शीर्षकाखाली राहू द्या, ‘मूल्यं’ खाली ढकलू नका.

पायरी ८: कुठला वाद कुठे सुटेल ते ठरवा

वस्तुस्थितीचा वाद अभ्यासाने सुटू शकतो, पण अभ्यासक कोण निवडणार हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं तरच. झऱ्यांची मोजणी करायची तर वाडीतली माणसं सोबत घ्या आणि किमान एक पावसाळा, एक उन्हाळा थांबा. मूल्यांचा वाद अभ्यासाने सुटत नाही. त्याला निर्णयाची जागा लागते, आणि आपल्याकडे ती फारच तोकडी आहे.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली जनसुनावणी होते. तिच्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते, सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण मूळ जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो, आणि सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. शिवाय सुनावणीचं काम मतं नोंदवून घेण्याचं, निर्णय तिथे होत नाही. लोकांना मात्र वाटतं आज इथे निकाल लागणार. मग मांडव पेटतो. सुनावणीला जाणार असाल तर इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा उठून जाऊ नका. आपलं वाक्य आपल्या शब्दांत उतरलंय का ते बघा. ‘ग्रामस्थांनी आंब्याबाबत चिंता व्यक्त केली’ या एका ओळीत दीडशे माणसांची देवराई, झरा आणि अब्रू मावलेली मी पाहिली आहे.

विश्वासाच्या वादाला अभ्यासही पुरत नाही आणि सुनावणीही. तिथे आधीची देणी फेडावी लागतात.

पायरी ९: वाचून दाखवा

प्रत्येक बाजूची भूमिका एका परिच्छेदात लिहा आणि त्या बाजूच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘हां, हेच म्हणायचंय आम्हाला’ असं तो म्हणेपर्यंत दुरुस्ती करत राहा. ज्या बाजूशी तुमचं पटत नाही, तिथे हे दोनदा करा.

त्या वाडीचा परिच्छेद मी नंतर आजींना वाचून दाखवला. ‘सडा गावाच्या उपयोगाचा आहे’ असं मी लिहिलं होतं, आता तरी बरोबर लिहिलंय या खुशीत. त्यांनी थांबवलं. “उपयोगाचा कशाला? उपयोग नसता तर काय देऊन टाकला असता?” मी ‘उपयोगाचा’ खोडलं. वाक्य उरलं: सडा गावाचा आहे.

त्या म्हणाल्या, “आता पुढचं वाच.”